सारवासारव

ओझरला एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "मंत्र्यांनी माफी मागितली. शाई टाकणाऱ्याविरुद्ध आपली तक्रार नाही, असेही ते म्हणाले. मग आपण अजून तोच विषय का उगाळतो?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. चिडून उत्तर दिले तर ती गप्प बसेल, पण तिचे समाधान होणार नाही. हा लेख त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

मंत्री वावगे बोलतात आणि मग चार-सहा दिवस त्या बोलण्याची डागडुजी चालते. मराठीत या उद्योगाला फार नेमका शब्द आहे : सारवासारव. ज्यांच्या घरी मातीची जमीन होती त्यांना सारवणे म्हणजे काय हे सांगायला नको. जमिनीला भेग पडली की तिच्यावर शेणमातीचा हात फिरवतात. भेग दिसेनाशी होते. पण ती आतून बुजली आहे की नुसती झाकली आहे, हे पुढच्या उन्हाळ्यात कळते. मंत्र्यांच्या माफीकडेही असेच पाहिले पाहिजे.

१. काय घडले?

९ डिसेंबर २०२२ रोजी पैठणला संतपीठाच्या कार्यक्रमात राज्याचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील बोलत होते. त्या वेळी ते आपल्या पुणे जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. त्यांच्या बोलण्याचा रोख असा होता : संस्था चालविणाऱ्यांनी सरकारी अनुदानावर कशाला विसंबून राहावे? महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळा काढल्या तेव्हा सरकारने त्यांना अनुदान दिले नव्हते. त्यांनी लोकांकडे "भीक मागितली". आज तर देणारे पुष्कळ आहेत.

महाराष्ट्रभर संताप उसळला. मंत्र्यांनी पत्रकारांपुढे खुलासा केला की भीक म्हणजे वर्गणी, देणगी. आजच्या भाषेत उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, चिंचवडमध्ये त्यांच्या तोंडावर शाई फेकली गेली. शाई फेकणाऱ्यावर खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ कलम लावण्यात आले, बंदोबस्तावरच्या पोलिसांना निलंबित करण्यात आले, एका पत्रकारालाही पोलिसांनी धरले. पुढच्या दोन-तीन दिवसांत मंत्र्यांनी लेखी माफी मागितली. पोलिसांचे निलंबन मागे घ्यावे, कुणावर कारवाई करू नये आणि वाद येथेच मिटवावा, असे त्यांनी कळविले. वर्तमानपत्रांच्या भाषेत, वादावर पडदा पडला.

शाईचे समर्थन करण्यासाठी हा लेख नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सनदशीर मार्गाचा आग्रह किती स्पष्ट शब्दांत धरला होता, हे या नियतकालिकाच्या वाचकांना ठाऊक आहे. पण तोंडाला लागलेल्या शाईला खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागते आणि दिवसाढवळ्या झालेल्या अत्याचाराची फिर्याद नोंदवून घ्यायला मात्र पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावे लागते, हा अनुभव गावोगावच्या कार्यकर्त्यांचा आहे. तो बाजूला ठेवून या घटनेचा विचार करता येत नाही.

२. सारवासारवीची रीत

अशा प्रसंगांची मांडणी बारकाईने पाहिली तर तिच्या ठराविक पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी शब्दार्थाची. शब्द तोच ठेवायचा आणि त्याचा अर्थ पालटायचा. भीक म्हणजे वर्गणी. कोशात असा अर्थ सापडला नाही तरी बिघडत नाही. चर्चा शब्दावर वळली म्हणजे काम झाले.

दुसरी पायरी हेतूची. माझा हेतू तसा नव्हता. पैठणच्या बाबतीत हे खरेही असेल. मंत्र्यांना या तिघांचे कौतुकच करायचे होते, हे आपण मान्य करू. पण कौतुक करतानाही ज्या तोंडाला दुसरा शब्द सुचत नाही, त्याच्या मागे कोणता संस्कार आहे हा प्रश्न हेतूने मिटत नाही.

तिसरी पायरी भावनेची. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे. येथे मोठी हातचलाखी होते. आपले विधान खरे होते की खोटे, हे बोलणाऱ्याने सांगायचे असते. त्याऐवजी प्रश्न ऐकणाऱ्याच्या कातडीचा होतो. दुखावले तर तुमचे कातडे नाजूक. मग दलितांना "भावना" असतात आणि मंत्र्यांकडे "विचार" असतो, अशी वाटणी सहज होऊन जाते.

चौथी पायरी औदार्याची. आधी पोलीस यंत्रणा अंगावर येते, मग मंत्री क्षमा करतात. ज्याने माफी मागायची तोच माफ करणारा होतो. आपल्या विद्यार्थिनीच्या मनावर याच पायरीचा परिणाम झाला होता, आणि त्यात तिचा दोष नाही.

ही रीत एका पक्षाची किंवा एका माणसाची नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये हरियाणातील फरीदाबादजवळच्या सुनपेड गावी एका दलित कुटुंबाचे घर पेटले आणि त्यात दोन चिमुकली मुले मेली. केंद्रातले परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना पत्रकारांनी विचारले, तेव्हा कुणी कुत्र्याला दगड मारला तर त्याला सरकार कसे जबाबदार, असे ते बोलून गेले. नंतर खुलासा आला की तशी तुलना करायची नव्हती. साऱ्या देशात चर्चा तुलनेची झाली. मुलांच्या मृत्यूत सरकारची जबाबदारी किती, हा मूळचा प्रश्न मागे राहिला.

आपल्या माणसांकडेही याच डोळ्यांनी पाहावे लागेल. सप्टेंबर २०१८ मध्ये जयपूरला पत्रकारांनी पेट्रोलच्या भाववाढीबद्दल विचारले, तेव्हा केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले म्हणाले की आपण मंत्री आहोत, आपल्याला त्याची झळ लागत नाही. टीका होताच त्यांनी माफी मागितली. त्या माफीने पेट्रोलचा भाव उतरला नाही. कोणी उतरवावा अशी मागणीही त्या गदारोळात कुणाला ऐकू आली नाही.

३. शब्द बाजूला ठेवून विधान तपासू

पैठणच्या वाक्यात दोन गोष्टी होत्या. एक "भीक" हा शब्द. दुसरी, सरकारने या तिघांना अनुदान दिले नव्हते हे विधान. महाराष्ट्र पहिल्या गोष्टीवर भांडला, दुसरी तशीच राहून गेली. खरी भेग तेथे आहे.

जोतीराव फुल्यांपासून सुरुवात करू. १८४८ पासून त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढल्या. महार-मांगादी मुलांच्या शाळांसाठी मंडळी स्थापन झाली, तिला दक्षिणा प्राइझ फंडातून सरकारी मदत मिळत होती. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. त्यांनी वर्गणीही जमविली, पदरचेही घातले. पण शिक्षण लोकांच्या देणगीवर चालावे, सरकारने हात झटकावेत, असे त्यांचे मत कधीच नव्हते. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्याचा गाभा असा आहे : सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, त्या पैशातून वरच्या वर्गाच्या मुलांचे उच्च शिक्षण होते आणि ज्यांच्याकडून कर घेतला त्यांची मुले अडाणी राहतात. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि त्यावर सरकारने खर्च करा. सरकारने शिक्षणातून अंग काढून घेतले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असा इशाराही त्यांनी दिला होता. हे हिशेब मागणाऱ्याचे निवेदन आहे.

कर्मवीर अण्णांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. लोकांनी मूठमूठ धान्य दिले, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने वसतिगृहातल्या मुलांसाठी मोडले. हे सर्व खरे आहे. पण रयतेला सरकारी अनुदान नव्हते हे खरे नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात अण्णांनी सरकारच्या कारभारावर जाहीर टीका केली, तेव्हा मुंबई सरकारने रयतेचे अनुदान बंद केले. बंद करता आले, याचा अर्थ ते मिळत होते. अण्णा पुन्हा लोकांकडे गेले, शाळा चालू ठेवल्या, आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले.

या घटनेपाशी थोडे थांबावे. शाळा उभारणाऱ्याने सरकारला न आवडणारे बोलले तर शेकडो पोरांचे अनुदान थांबते. सरकारातल्या माणसाने शाळा उभारणाऱ्यांबद्दल वावगे बोलले तर एक पत्र पुरते. बोलण्याची किंमत बोलणाऱ्याच्या खुर्चीवरून ठरते.

बाबासाहेबांचे तर सारे आयुष्य या हिशेबात गेले. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शिक्षणावरचा दरडोई खर्च आणि दारूच्या करातून मिळणारे दरडोई उत्पन्न शेजारी शेजारी मांडले, आणि लोकांकडून जितके घेता तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे बजावले. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार मदत करते, तर अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, असा त्यांचा सवाल होता. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या त्या या मागणीतून. या पानांवर लिहिणारे आणि ही पाने वाचणारे किती तरी जण त्या शिष्यवृत्तीवर शिकले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये उभे राहिले ते याच भूमिकेतून. तेव्हा ज्या तिघांची नावे "अनुदान मागू नका" हे सांगण्यासाठी घेतली गेली, ते तिघेही सरकारकडे हक्काने पैसा मागणारे होते.

४. पैसा एकच, नावे तीन

दक्षिणा फंड हा मूळचा कसला पैसा? पेशवाईत श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर इंग्रजांनी ती प्रथा काही काळ चालू ठेवली आणि हळूहळू त्यातली रक्कम विद्येकडे वळवली. त्याच निधीतून जोतीरावांच्या शाळांना मदत मिळाली. म्हणजे रयतेकडून वसूल केलेला तोच पैसा ब्राह्मणाच्या हातात पडला तर दक्षिणा आणि महार-मांगांच्या शाळेला मिळाला तर मदत. पावणेदोनशे वर्षांनी अशा शाळांबद्दल बोलताना मंत्र्यांच्या तोंडी भीक हा शब्द आला. पैसा घेणाऱ्याची जात बदलली की पैशाचे नाव बदलते.

आमच्या परिसरात याचा पडताळा पाहायला लांब जावे लागत नाही. ओझरच्या विघ्नहराच्या देवळाचा कळस वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी सोन्याने मढविला, असे सांगतात. आजही देवळात भाविक पैसे देतात, त्याची पावती मिळते, पावतीवर "देणगी" लिहिलेले असते. देवाने भीक मागितली असे कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. ओझरपासून फार दूर नाही ते ओतूर. तेथल्या सत्यशोधकांनी जोतीरावांच्या हयातीतच भटाशिवाय लग्ने लावली. ग्रामजोशी न्यायालयात गेले. न बोलावता, न केलेल्या कामाची दक्षिणा त्यांना पाहिजे होती, आणि तिला ते "हक्क" म्हणत होते.

याच जुन्नर तालुक्यात लेण्याद्रीची आणि भोवतालची बौद्ध लेणी आहेत. भिक्खू भिक्षा मागत. तेव्हा मागणे ही मुळातच हीन गोष्ट आहे असे आपण म्हणू शकत नाही, आणि मंत्र्यांच्या बाजूने कुणी हा मुद्दा काढला तर त्याचा विचार केला पाहिजे. पण या लेण्यांतले शिलालेख वाचावेत. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींची नावे त्यांत आहेत. कष्टकऱ्यांच्या श्रेणी संघाला दान देत, श्रेणीकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चाले. देणारा आणि घेणारा दोघेही ताठ मानेने उभे आहेत.

आपल्या वाडवडिलांचे मागणे वेगळे होते. येसकर पाळीचा महार संध्याकाळी काठी आणि घोंगडी घेऊन दारोदार भाकरी मागायचा. दिवसभर गावकी केल्याची ती मजुरी होती, पण ती वरून टाकली जायची आणि तिला नाव होते भीक. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा असे सांगितले, ते हे नाव पुसण्यासाठी. महार वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या अधिनियमाने. तेव्हा "भीक" हा शब्द ऐकून ज्यांच्या पोटात ढवळले, त्यांच्या भावना नाजूक होत्या असे नाही. त्यांच्या घरात त्या शब्दाचा इतिहास अजून जिवंत आहे.

५. जिनिव्हातले सारवण

सारवासारव फक्त खोट्या बोलण्याची होते असे नाही. खरे बोलले गेले तरी होते. ते पाहायचे तर देशाबाहेर, परराष्ट्रव्यवहारात जावे लागते.

१९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय करारात भेदभावाच्या व्याख्येत "जन्मपरंपरा" या अर्थाचा शब्द आला तो भारताच्याच सूचनेने. पण २००१ मध्ये दरबानला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा दलित संघटना जातीचा प्रश्न घेऊन तेथे गेल्या आणि भारत सरकारने भूमिका घेतली की जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा प्रश्न आहे. परिषदेच्या अंतिम घोषणेत जातीचा उल्लेख आला नाही. पुढे २७ डिसेंबर २००६ रोजी दिल्लीतल्या एका परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाशी केली. देशाच्या पंतप्रधानाने हे प्रथमच इतके उघड म्हटले होते. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, जिनिव्हाला करारावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे भारताचे शिष्टमंडळ उभे राहिले आणि त्याने पुन्हा जुनेच पालुपद लावले की जातीचा प्रश्न या कराराच्या कक्षेत येत नाही.

पंतप्रधानांचे वाक्य कुणी मागे घेतले नाही. नुसता त्यावर हात फिरविला. पैठणला खोटे विधान झाकले गेले, जिनिव्हाला खरे विधान. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट वाचली : राज्यसंस्थेवर येणारी जबाबदारी. सारवासारवीचे काम हेच असते. बोलणाऱ्याची अब्रू वाचते ते वरवरचे. आत जबाबदारीची फाईल बंद होते.

६. शब्द मागे गेला, विचार पुढे गेला

महाराष्ट्रात विनाअनुदानित शिक्षणाची वाट १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयांपासून मोकळी झाली. पुढे शाळांना "कायम विनाअनुदानित" अशी अट घालून परवानग्या मिळाल्या. "कायम" हा शब्द २००९ मध्ये काढला, पण अनुदान २० टक्के, ४० टक्के अशा टप्प्यांनी, तेही आझाद मैदानावर बसून मिळवावे लागले. बिनपगारी वर्षे काढलेला शिक्षक या लेखाच्या वाचकांतही असेल. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. नावातच सांगितले आहे की सरकारकडे पाहू नका.

आणि पैठणच्या माफीला नऊ-दहा महिने होतात न होतात तोच, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच सरकारने "दत्तक शाळा योजना" मंजूर केली. कंपन्यांनी, संस्थांनी, व्यक्तींनी सरकारी शाळा दत्तक घ्याव्यात, वस्तू व सेवा पुरवाव्यात, आणि देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडता यावे, अशी ती योजना. खाते वेगळे, मंत्री वेगळे. पण पैठणच्या भाषणाचा आशय दुसरा काय होता? "भीक" हा शब्द दिलगिरीसह मागे गेला होता. सरकारने अनुदान कशाला द्यावे, हा विचार शासननिर्णयाच्या भाषेत पुढे आला. त्या वेळी कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कारण शासननिर्णयाची भाषा सभ्य असते.

येथे आपल्या चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. शब्दावर आपण रस्त्यावर येतो, शासननिर्णय मात्र वाचतही नाही. शब्दाचा अपमान लगेच कळतो, अनुदानाच्या टक्केवारीतला अपमान समजायला हिशेब लागतो. जोतीरावांनी आणि बाबासाहेबांनी आपल्याला हिशेबच शिकवला होता.

म्हणून पुढच्या वेळी असा प्रसंग येईल तेव्हा, आणि तो येईलच, कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. मागे घेतला तो शब्द की विधान? दिलगिरी कुणाच्या भावनेबद्दल आहे की झालेल्या असत्याबद्दल? आणि माफीनंतर त्या विषयावर निघालेला पहिला शासननिर्णय काय म्हणतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला वर्ष लागेल. तेवढे वर्ष प्रश्न जिवंत ठेवणे हे आपले काम.

ओझरच्या त्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले : माफी मागितली, ती घ्यावी, माणसाला माफ करायला हरकत नाही. पण तुझ्या शाळेतल्या शिक्षकाला पूर्ण पगार मिळतो का, तुझी शिष्यवृत्ती वेळेवर येते का, हे विचारायचे राहिले आहे. ती म्हणाली, "शिष्यवृत्ती अजून आलेली नाही." मग आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. अर्जात "मेहेरबानी करून" असे शब्द तिने सवयीने लिहिले होते. ते तिने स्वतःच खोडले.